शेवटचा ड

अकरावी सायन्सच्या यादीतले पहिले बावीस
माझ्याकडे येतात.
दहावीला पंच्याण्णवच्या खाली कुणीच नाही.
मराठी सोडून येतात, हिंदी सोडून येतात,
कारण कुणाच्या तरी मोठ्या भावानं सांगितलेलं असतं:
फ्रेंच स्कोअरिंग आहे.
त्यांना मी काय बोलू?
मीही तासिका तत्त्वावर.
तासाला इतके, मे महिन्यात शून्य.

"मॅडम, हे पेपरात येतंय काय ओ?"
मी सांगत असते की चंद्र तिकडे ती आहे.
नाही येत.
बावीस पेनांची टोपणं लागल्याचा आवाज.

स्रवंती चिलवेरी पहिल्या बाकावर.
घरी तेलुगू, गल्लीत मराठी,
किराणावाल्याशी कानडी, क्लासला इंग्लिश.
पाचवी भाषा तिनं
हजेरीपटावर सही करावी तशी घेतली.
चाचणीत अठ्ठ्याण्णव.
म्हटलं, हा आकडा फ्रेंचमध्ये म्हण.
ती अडली.
चार वेळा वीस, वर अठरा?
"एवढं मोजत बसतात होय ते!"
मग एकदम हसली.
त्यांच्या बोळाच्या तोंडाशी बसणारी गुरव्वा
गोवऱ्या अशाच विकते,
चार विसा नि वर अठरा.

मार्च होता, पंखा गरम हवा ढवळत होता,
मी न बोलायची अक्षरं शिकवत होते.
लिहायची, पण म्हणायची नाहीत.
शेवटचा त. शेवटचा स. शेवटचा ड.
"मग लिहायचीच कशाला?"
ओंकार कलशेट्टीनं विचारलं.
बरोबरच विचारलं. मला सांगता आलं नाही.

उदाहरण म्हणून सोलापुरातलंच घ्यावं, म्हणून फळ्यावर
जेकार्ड लिहिलं, त्यांच्या लिपीत.
मागाच्या डोक्यावरचा तो सांगाडा,
भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ,
ज्याच्या हुकमानं चादरीवर मोर उतरतो,
ते मुळात आडनाव आहे,
ल्यों गावच्या एका माणसाचं.
"आणि यातला ड म्हणायचा नाही. झाकार."

एकवीस माना वहीत गेल्या.
स्रवंतीनं लिहिलं नाही.
"आमचे नाना जकार म्हणतात," ती म्हणाली.
"मुकादम हसतो. मालकाचा मुलगा हसतो.
सातवीत असताना मीपण सुधारलेलं त्यांना,
सगळ्यांसमोर.
ड म्हणा की नाना, ड."

हे पेपरात येतंय का,
कुणी विचारलं नाही.

शनिवारी ती मला दत्त नगरात घेऊन गेली.
आठ माग, त्यांच्या आवाजात माझं नाव मलाच ऐकू येईना.
नरसय्या चिलवेरींच्या भुवयांवर कापूस होता.
लेकीनं त्यांच्या कानाशी काहीतरी ओरडून सांगितलं.
ते हसले नाहीत, फुगलेही नाहीत,
तुटलेला धागा जोडून
माझ्याकडे वळून मोठ्यानं म्हणाले,
"धोट्याला काय म्हणतात?"

विद्यापीठात पहिली आलेली मी.
पॅरिसमधल्या कॅफेत कॉफी मागवू शकते,
कधी गेले नाही ती गोष्ट वेगळी.
धोटा मला येत नव्हता.

रात्री शब्दकोशात सापडला. नावेत.
म्हणजे छोटी होडी. तिकडेही नावच.
सोमवारी स्रवंतीला सांगितलं,
मंगळवारी घरून उत्तर आलं:
"नाना विचारतात, कुणाच्या नावेत?
म्हणतात, तीस वर्षं बघतोय,
दोन्ही काठांना लागते,
उतरून कुणी जात नाही."

बारावीचा निकाल लागला.
तिचा मेसेज आला, फ्रेंचमध्ये अठ्ठ्याण्णव.
अंकांत नाही, अक्षरांत,
चार-वीस-अठरा.
दोन गुण कशात गेले ते बोर्ड सांगत नाही.
पुण्याला इंजिनिअरिंग, हॉस्टेलही मिळालंय.
आणि खाली आणखी एक ओळ:
नाना म्हणतात, ताण्याला?

मे महिना आहे. तासिका नाहीत.
मी उठते, शब्दकोशावरची धूळ
ओढणीनं पुसते.